पाळणा लांबवू, बाळंतीण सांभाळू

सातारा व सांगली जिल्ह्यांतील जोडप्यांसाठी एक पाठ

(नवरा-बायकोने रात्री जेवणे झाल्यावर एकत्र बसून हा पाठ वाचावा. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ऐकवावा.)



ऊस कसा करावा हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. लागणीचा ऊस तुटला की आपण खोडवा धरतो. कोणी निडवाही धरतो. पण खतमाती न करता खोडव्यावर खोडवा घेत गेले की काय होते? फुटवे कमी येतात, ऊस बारीक पडतो, उतारा घटतो. शहाणा शेतकरी अशा वेळी रान नांगरून उन्हात तापू देतो, शेणखत घालतो, हरभऱ्या-भुईमुगाचा बेवड करतो आणि मगच पुन्हा लागण करतो. रानाला विसावा दिला म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

बाई म्हणजे काही रान नव्हे. तिला जीव आहे, मन आहे, तिची दुखणीखुपणी आहेत. मग जी काळजी आपण रानाची घेतो ती तिची घ्यायला का विसरतो? पहिले मूल अंगावर पीत असतानाच दुसऱ्या वेळचे दिवस राहतात आणि "देवाची देणगी" म्हणून आपण गप्प बसतो. या पाठात एवढेच समजून घ्यायचे आहे: दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवले आणि बाळंतपणाची तयारी अगोदर केली, तर बाळंतिणीवरची बरीच संकटे टळतात. जी टळत नाहीत त्यांतूनही तिला वाचवता येते.

एका घरातली गोष्ट

समजा, माण नाहीतर जत तालुक्यातले एक घर आहे. सून बावीस वर्षांची. पहिला मुलगा दहा महिन्यांचा. बाळंतपणानंतर पाळी आलीच नव्हती, म्हणून दिवस राहतील असे कोणाच्या मनातही नव्हते. चौथा महिना लागला तेव्हा कळले. पाण्याची घागर आणताना तिला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. एक दिवस नर्सबाई घरी आल्या.

"मावशी, सुनेच्या पापण्या आतून बघा. कशा पांढऱ्या पडल्यात. रक्त तपासलं तर साडेसातच भरलं. निदान अकरा तरी पाहिजे."

"अवं बाई, आमी न्हाय का सात बाळंतपणं काढली? भांगलता भांगलता पोटात दुखाय लागायचं, घरी येऊन बाळंत व्हायचो. कुठलं रक्त आन् कुठली तपासणी!"

"सात झाली मावशी. जगली किती?"

म्हातारी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "चार. आन् माझी थोरली जाऊ तिसऱ्या खेपेला गेली. रातभर रगात थांबलं न्हाय. गाडी जुपूस्तवर समदं संपलं."

"त्याच्यासाठीच आलेय मी," नर्सबाई म्हणाल्या. "दादा, तुम्ही पण बसा इथं. हे एकट्या बाईमाणसाचं काम नाही."

ही गोष्ट आपण समजुतीसाठी घेतली. पण अशी जाऊ, अशी चुलती, अशी बहीण पुष्कळ घरांत होऊन गेली आहे. २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ वर आला. म्हणजे बाळंतपणात बाई जाणे हे काही सटवाईने कपाळी लिहिलेले नसते. माणसांनी हात लावला तर ते थांबते. पण उरलेल्या ३३ जणीही कोणाची तरी लेक, कोणाची बायको, कोणाची आई होत्या.

आता नर्सबाईंनी त्या घरात काय काय सांगितले ते क्रमाने पाहू.

धडा पहिला : अंतर किती आणि कशासाठी

एका बाळंतपणाला आईच्या अंगातले सुमारे एक ग्रॅम लोह खर्ची पडते. बाळ, वार आणि बाळंतपणात जाणारे रक्त यांत ते जाते. एक ग्रॅम ऐकायला थोडे वाटते. पण रोजच्या जेवणातून अंगी लागणारे लोह एक-दोन मिलिग्रॅमच असते, आणि एक ग्रॅम म्हणजे असे हजार मिलिग्रॅम. त्यातूनही रोजचा खर्च चालूच असतो. तेव्हा रिकामी झालेली कणगी पुन्हा भरायला दोन-अडीच वर्षे सहज लागतात. ती भरण्याआधीच दुसरा गर्भ राहिला तर आई उधारीवर चालते. मग धाप, चक्कर, अंगावर सूज, आणि बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी जीव धोक्यात.

हे नुसते सांगोवांगीचे नाही. दक्षिण व मध्य अमेरिकेकडच्या देशांतील साडेचार लाखांहून अधिक बायकांच्या बाळंतपणांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बाळंत झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ज्यांना पुन्हा दिवस राहिले त्यांची तुलना दीड ते दोन वर्षांनी दिवस राहिलेल्या बायकांशी केली. पहिल्या गटात आई दगावण्याचा धोका अडीच पट निघाला. शेवटच्या तीन महिन्यांत अंगावरून रक्त जाण्याचा धोका पावणेदोन पटीच्या जवळपास होता. अंगात रक्त कमी असण्याचे प्रमाणही जास्त होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तज्ज्ञांना एकत्र बसवून सर्व पुरावा पाहिला. त्यांचा सल्ला असा: मूल झाल्यावर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस राहू देऊ नयेत. म्हणजे दोन मुलांच्या वयात जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडते. गर्भ पडला असेल तर निदान सहा महिने थांबावे. पोट कापून बाळंतपण झाले असेल तर हे अंतर अधिकच महत्त्वाचे, कारण गर्भपिशवीवरची शिवण पक्की व्हायला वेळ लागतो.

पहिल्या मुलाचेही असेच आहे. मुलीचे लग्न अठराच्या आत आणि मुलाचे एकवीसच्या आत करणे हा गुन्हा आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ दर पाचांत एकीचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. लग्न झाले की वर्षात पाळणा हललाच पाहिजे असा घरोघरी आग्रह असतो. कोवळ्या अंगावर बाळंतपण आले की रक्तदाब वाढणे, बाळंतपण अडणे, बाळ कमी वजनाचे होणे हे सगळे धोके वाढतात.

यावर आपल्या सातारा जिल्ह्यात एक प्रयोग झाला. २००७ साली जिल्ह्याने नव्या जोडप्यांसाठी योजना काढली. लग्नानंतर दोन वर्षे पहिले मूल लांबवले तर ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबवले तर ७,५०० रुपये. परदेशातल्या वर्तमानपत्रांनीही तिची दखल घेतली. ती बक्षिसे त्या काळापुरती होती. पण तिच्यातली शिकवण पैशापेक्षा मोठी आहे. "अजून काही नाही का?" असे विचारणाऱ्या पाहुण्यांना जोडप्याने हसतमुखाने "आमचं ठरलंय" म्हणायला शिकणे, हीच तिची खरी कमाई.

धडा दुसरा : ताटात काय आणि डोक्यावर काय

आपल्याकडे समज आहे की गरोदर बाईने जास्त खाल्ले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते. म्हणून तिला हात राखून वाढतात. याचा अभ्यास आपल्या शेजारच्याच पुणे जिल्ह्यात झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांची पाहणी केली. त्या काय खातात, किती कष्ट करतात, रक्तात काय कमी आहे आणि बाळ किती वजनाचे होते, हे सगळे त्यांनी मोजले. त्या बायका आपल्यासारख्याच, शेतीत राबणाऱ्या, भाकरी-कालवण खाणाऱ्या.

त्यात काय दिसले? पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होते त्यांची बाळे चांगली भरलेली होती. शेतातले जड काम आणि पाणी वाहण्याचे कष्ट ज्यांना फार होते त्यांची बाळे लहान होती. तेव्हा बाळ अडेल म्हणून ताट कमी करू नका. मेथी, शेपू, राजगिरा, तांदुळसा, चाकवत या भाज्या आपल्या बांधावरच्या आणि परसातल्या. पेरू, बोरे, आवळे यांना फार पैसे पडत नाहीत. घरातले सगळे दूध डेअरीला घालू नका. एक पेला तिच्यासाठी काढून ठेवा. कडधान्याची उसळ करा, चालत असेल त्या घरात अंडे द्या.

आणि घागर? ती दादांनी उचलावी. यात कमीपणा कसला! दुपारी जेवणानंतर तिला दोन तास आडवे होऊ द्यावे.

जेवणाबरोबर गोळ्याही हव्यात. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८० दिवस. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी जेवणानंतर घ्यावी, वर लिंबाची फोड चोखावी. तिच्याबरोबर चहा किंवा दूध घेऊ नये, आणि चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. रक्त अकराच्या खाली आले तर डॉक्टर औषध वाढवतात. सातच्या खाली गेले तर बाईला दवाखान्यात दाखलच करावे लागते. आपल्या गोष्टीतल्या सुनेचे रक्त साडेसात होते, म्हणजे ती अगदी कडेवर उभी होती.

धडा तिसरा : डोके दुखते म्हणून बाम चोळू नका

पाचव्या महिन्यानंतर काही बायकांचा रक्तदाब एकाएकी वाढतो. तोंड आणि हात सुजतात, अंगठी-बांगड्या घट्ट होतात, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली दुखते. घरी म्हणतात, "पित्त झालं असंल." कोणी बाम लावते, कोणी लिंबू उतरून टाकते. हाच रक्तदाब चढत गेला तर बाईला झटके येतात. मग लोक म्हणतात, बाहेरचं झालं, झपाटलं. बहिणींनो, हे भुताचे काम नव्हे, रक्तदाबाचे आहे.

यावर उपाय आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मॅग्नेशियम सल्फेट नावाचे स्वस्त इंजेक्शन दिल्यावर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. पण इंजेक्शन देणार कधी? बाई वेळेवर आली तर. म्हणून प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजून घ्या आणि लघवी तपासून घ्या. तपासणी चार वेळा तर हवीच, पहिली तीन महिन्यांच्या आत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून खास तपासणी होते. ती चुकवू नका.

धडा चौथा : बाळ रडले, आईकडे बघा

बाळ जन्मले की सगळे घर बाळाभोवती गोळा होते. पण आईचा सर्वांत मोठा धोका त्याच घटकेला असतो. वार पडल्यावर गर्भपिशवी घट्ट आवळली गेली नाही तर रक्त धारेने जाते. भरल्या अंगाची बाई दोन तासांत जाऊ शकते. जिच्या अंगात रक्तच कमी तिला तेवढाही वेळ मिळत नाही.

या विषयावर आपल्या जत-मिरज भागाला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात फार मोलाचे काम झाले. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने २००२ ते २००५ या काळात खेड्यांतील १,६२० बायकांची पाहणी केली. ही बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात, आपल्यासारख्याच नर्सबाईंच्या हातून झाली. बाळ जन्मल्याबरोबर निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. किती रक्त गेले ते अंदाजाने न ठरवता मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत मोजले. औषध न मिळालेल्या शंभर बायकांत बाराजणींचे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले. औषध मिळालेल्या शंभरांत असे सहाजणींचेच झाले. दर अठरा बायकांना गोळ्या दिल्या की एकीचे हे संकट टळत होते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला.

मात्र ध्यानात ठेवा: ही गोळी नर्सबाई किंवा डॉक्टर देतील तेव्हाच आणि बाळ जन्मल्यावरच. स्वतःच्या मनाने, बाळंतपण लवकर व्हावे म्हणून घेतली तर गर्भपिशवी फाटून जीव जाऊ शकतो. दवाखान्यात पिशवी आवळण्याचे इंजेक्शन असते, सलाईन असते, रक्ताची व्यवस्था होते. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करावे.

धडा पाचवा : सव्वा महिना

"बाळंत झाली, सुटली" असे आपण म्हणतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने १९९५-९६ मध्ये घरी बाळंत झालेल्या आणि होणाऱ्या ७७२ बायकांचा बाळंतपणापासून पुढे मागोवा घेतला. निम्म्याहून अधिक जणींना काही ना काही आजार झाला. बाळंतपण चालू असताना जेवढ्या आजारी पडल्या त्यांच्या दुपटीहून जास्त नंतरच्या दिवसांत पडल्या. शंभरांत पंधराजणींना तातडीच्या उपचारांची गरज होती.

म्हणून बाळंतिणीची खोली अंधारी, धुराने भरलेली ठेवू नका. तिला पाणी तोडू नका, पोटभर जेवू द्या. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले कपडे द्या. ताप आला, अंगावरून घाण वास येऊ लागला, रक्त पुन्हा वाढले, पोटरी सुजून दुखू लागली, छाती दगडासारखी झाली, किंवा ती गुमसुम बसून रडू लागली, बाळाकडे बघेना, तर सव्वा महिना संपण्याची वाट बघू नका.

तीन उशीर

बाई आजाराने जाते त्याहून जास्त ती उशिराने जाते. पहिला उशीर घरात होतो: "मालक येऊ देत, मग ठरवू." दुसरा वाटेवर होतो: गाडी नाही, पाटणच्या डोंगरात पाऊस, ओढ्याला पाणी. तिसरा दवाखान्यात होतो: रक्त हवे, रक्तगट ठाऊक नाही, कागद घरी राहिला.

पहिले दोन उशीर तुमच्या हातातले आहेत आणि तिसराही बराचसा. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच प्रकारची खिरापत. त्याच दिवशी संध्याकाळी घरातल्या मोठ्यांनी बसून पाच गोष्टी ठरवाव्यात:

१. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात? अवघड झाले तर पुढे कुठे? (सातारचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, किंवा जवळचे उपजिल्हा रुग्णालय.)

२. गाडी कोणती? १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. शेजारच्या जीपवाल्यालाही सांगून ठेवा.

३. तिचा रक्तगट कोणता आणि रक्त द्यायला कोण दोघे येतील?

४. नवरा घरी नसेल तर "चला" म्हणण्याचा अधिकार कोणाला? तो बाईला स्वतःलाही असावा.

५. माहेरी जायचे असेल तर माता-बाल कार्ड बरोबर आहे ना? माहेरच्या गावच्या आशाताईंना कळवले आहे ना? ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांनीही फडावर असताना हे कार्ड जवळच ठेवावे.

खर्चाची भीती धरू नका. २०११ सालापासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे.

आणि ही लक्षणे दिसली तर एक घटकाही थांबू नका: अंगावरून रक्त जाणे, फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, दिवस भरण्याआधी पाणी जाणे, ताप, धाप, बाळाची हालचाल कमी होणे, बारा तास कळा देऊनही बाळंत न होणे.

मुलगा हवाच, हा हट्ट

अंतर का राहत नाही? पुष्कळ घरांत कारण एकच: मुलगी झाली, आता लवकर मुलगा हवा. आपल्याच सातारा जिल्ह्यात मुलींची नावे "नकुशी" ठेवली जात. ऑक्टोबर २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींचे समारंभाने नव्याने नामकरण झाले. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला आणि तपासात पुरलेले १९ गर्भ सापडले. या दोन्ही गोष्टी आपल्या मातीतल्या आहेत. त्या विसरून चालणार नाही.

मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या बीजावर ठरते. त्याचा दोष आईला देणे हा निव्वळ अन्याय. गर्भाचे लिंग तपासणे गुन्हा आहे. नको असताना दिवस राहिलेच, तर गर्भपाताला १९७१ पासून कायद्याची मुभा आहे. पण तो मान्यताप्राप्त केंद्रात, शिकलेल्या डॉक्टरकडून आणि शक्य तितक्या लवकर करावा. काडी, जडीबुटी आणि चोरून केलेले उपाय जीव घेतात.

पाळणा लांबवण्याची साधने

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत, ही समजूत चुकीची. बाळ सहा महिन्यांच्या आतले, फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच थोडा भरवसा. पुढे साधन हवेच.

निरोध: पुरुषाने वापरायचा. आजारांपासूनही बचाव होतो.

तांबी: बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. काही वर्षे निर्धास्त. प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे. मूल हवे झाले की काढून टाकता येते. ती पोटात वर चढून काळजात जात नाही.

अंतरा: दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. पाळी अनियमित होते किंवा थांबते, त्याने अपाय नाही. थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात.

छाया: पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, पुढे आठवड्याला एक. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

माला-एन: रोज एक गोळी. अंगावर पाजत असल्यास पहिले सहा महिने घेऊ नये.

कुटुंब पुरे झाले असेल तर शस्त्रक्रिया. बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी. पुरुषार्थ कमी होत नाही, ताकद जात नाही. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड ओझे उचलू नये. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरावा आणि तपासणी करून घ्यावी.

यात सक्ती कोणाचीही नाही. कोणते साधन, कधी, किती दिवस, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे. कोणाला काय चालेल ते नर्सबाई तपासून सांगतील.

पुन्हा त्या घरात

नर्सबाई उठल्या तेव्हा दादा म्हणाले, "बाई, उद्या हिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन येतो. पाण्याचं मी बघतो. आन् हे बाळंतपण झालं की तांबीचं बी बघू. काय गं?"

सून म्हणाली, "आत्याबाईंना विचारा."

म्हातारीने नातवाला मांडीवर ओढून घेतले. "मला कशापायी इचारता? माझ्या जावंला इचाराया कुनी नव्हतं. तुमचं तुमी ठरवा, आन् येळंवर ठरवा."

पाठ समजला का? एकमेकांना विचारा

१. आपल्या दोन मुलांत किती अंतर ठेवायचे? आज आपण कोणते साधन वापरतो?
२. हिचे रक्त शेवटचे कधी तपासले आणि किती भरले?
३. आज रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची आणि दवाखाना कोणता?
४. घरातल्या दुधातले तिच्या वाट्याला किती येते?
५. धोक्याची पाच लक्षणे न बघता सांगा.

ज्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही त्यासाठी उद्या सकाळी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात जा. हा कागद फेकू नका. वाचून झाला की शेजारच्या घरी द्या.

अंतर ठेवा, आधी ठरवा, वेळेवर निघा.